घरातलं एकुलतं एक मत

भानुदास केळुसकरांनी आयुष्यात दोन हजारांवर लोकांच्या बोटांना शाई लावली, पण मत दिलं म्हणून त्यांच्या स्वतःच्या बोटाला ती एकदाही लागली नाही. चुकून लागली ती तीनदा, आणि तिन्ही वेळा महिनाभर निघाली नाही. साठी गाठलेला हा गृहस्थ गेली पंचवीस वर्षं तोक्योच्या पूर्वेला एदोगावा वॉर्डात, फुनाबोरी स्टेशनपासून चालत नऊ मिनिटांवर राहतो. निवडणुकांचं त्यांना जे वेड आहे ते पाहिलं, की देवानं या माणसाची जरा जास्तच थट्टा केली असं वाटतं.

मुंबईत ते सरकारी बँकेत कारकून होते. सरकारी बँकेतला माणूस म्हणजे निवडणूक आयोगाच्या हक्काचा. तीन निवडणुकांत त्यांना केंद्रावर ड्यूटी लागली आणि तिन्ही वेळा शाईची बाटली त्यांच्याच हातात आली. ड्यूटीवर असल्यामुळे स्वतःच्या केंद्रावर जाता येईना. टपालानं मत द्यायचा अर्ज त्यांनी तिन्ही वेळा भरला आणि मतपत्रिका एकदाही वेळेत आली नाही. चौथ्या वेळी ड्यूटी नव्हती, तर घर परळहून डोंबिवलीला हललेलं आणि नाव दोन्हीकडच्या यादीत नाही. पाचव्या वेळी नाव सापडलं, पण मतदान फेब्रुवारीत आणि तोक्यो शाखेत बदली झाली म्हणून विमान जानेवारीत. पुढे बँकेनं परत बोलावलं तेव्हा त्यांनी राजीनामा देऊन इथल्याच एका ट्रेडिंग कंपनीत नोकरी धरली, कारण बायकोचा, उत्तराताईंचा, जवळच्या भारतीय शाळेत जम बसला होता आणि मुलगी ईश्वरी जपानी बालवाडीत रमली होती. कायमचा परवाना मिळाला. कर भरतात, शेजारमंडळाची वर्गणी भरतात, कचरा वर्गवारीच्या कमिटीवर आहेत. मत तेवढं नाही.

या गोष्टीचा राग यावा असा त्यांचा पिंडच नाही. त्यांना कुतूहल वाटतं. त्यांनी एक जाड वही केली आहे, तिच्यावर लिहिलंय ‘राजधान्या’. राजधानीत राहणाऱ्याला मत किती, हा त्या वहीचा विषय. दिल्लीच्या पानावर पूर्ण राज्याच्या दर्जाचं चाळीस वर्षांचं रडगाणं आहे. वॉशिंग्टनच्या पानावर त्यांनी दोनदा अधोरेखित केलंय, की तिथले लोक कर भरतात, पण संसदेत त्यांचा प्रतिनिधी मत देऊ शकत नाही, आणि हे गाऱ्हाणं ते मोटारींच्या नंबरप्लेटवर लिहून फिरतात. तोक्योची पानं सगळ्यांत जास्त. शेवटच्या पानावर त्यांनी स्वतःच्या घराचा तक्ता काढला होता: रहिवासी तीन, मतदार शून्य.

गेल्या वर्षअखेरीस ते शून्य खोडलं गेलं. चोवीस वर्षांची ईश्वरी रोज ट्रेननं त्सुकुबाच्या एका संशोधन संस्थेत नोकरीला जाते. आपण जिथे वाढलो तिथलंच रीतसर व्हायचं, असं तिनं ठरवलं आणि जपानी नागरिकत्व घेतलं. तिचा भारतीय पासपोर्ट रद्द करायला भानुदासराव तिच्याबरोबर वकिलातीत गेले. पासपोर्टवर शिक्का बसला तेव्हा त्यांनी तो हातात घेऊन शेवटच्या पानापर्यंत चाळला. येताना ट्रेनमध्ये तिसऱ्या स्टेशनला ते म्हणाले, “पण म्हणजे आता तू मत देऊ शकतेस.”

“हो,” ईश्वरी म्हणाली. तिला तेव्हा कल्पना नव्हती की आपण काय कबूल करतोय.

स्वतः भानुदासरावांनी नागरिकत्वाचा अर्ज दोनदा भरायला घेतला आणि दोनदा सहीपाशी हात थांबला. कारण विचाराल तर सांगता येत नाही. उत्तराताई म्हणतात, “यांना इथलं मत हवंय आणि तिथला पासपोर्ट. जगात कुणाला मिळालंय?”

मग या वर्षीचा एप्रिल आला आणि वॉर्डाची निवडणूक लागली. वॉर्ड म्हणजे मुंबईतल्यासारखा नगरसेवकापुरता तुकडा नव्हे. एदोगावात सात लाखांच्या वर माणसं आहेत, स्वतःची असेंब्ली आहे, वॉर्डप्रमुख आहे. दोघांसाठी एकाच दिवशी मतदान. घराजवळच्या सरकारी शाळेच्या कुंपणाला लाकडी फळा लागला, त्यावर आखलेले नंबरांचे चौकोन, आणि एका सकाळी त्या चौकोनांत पन्नासच्या वर चेहरे हसायला लागले. भानुदासराव स्टेशनला जायच्या आधी पंधरा मिनिटं त्या फळ्यासमोर उभे राहात. कोणता चौकोन अजून रिकामा, कुणाचं पोस्टर वाकडं, सगळं त्यांना पाठ. प्रत्येक घरात वॉर्डाकडून उमेदवारांची माहितीपत्रिका येते, तिचं त्यांनी तीन रंगांत पारायण केलं. मतदान पेन्सिलीनं करतात, उमेदवाराचं नाव स्वतःच्या हातानं लिहून, हे कळल्यावर तर त्यांना रात्रभर झोप नाही.

“पेन्सिलीनं?” ते उत्तराताईंना म्हणाले. “आणि कुणी खोडलं तर?”

“तुम्ही तिथे नसणार आहात, तेव्हा कुणी खोडणार नाही. झोपा.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी वॉर्ड ऑफिसच्या खिडकीवर जाऊन शंका विचारली. खिडकीतल्या तरुणानं वीस मिनिटं समजावलं, की तो कागद खास असतो, घडी घातली तरी पेटीत पडल्यावर आपोआप उलगडतो, आणि पेन्सिल त्यावर चांगली उठते. मग त्यानं अदबीनं विचारलं, “आपण या वेळी कुठल्या केंद्रावर मतदान करणार?”

“मी परदेशी आहे,” भानुदासराव म्हणाले. “मला मत नाही.”

तरुणानं इतक्या वेळा माफी मागितली, की शेवटी भानुदासरावांनाच त्याची समजूत घालावी लागली.

इथवर सगळं गमतीचं होतं. बिघडलं ते मतदानाच्या आदल्या रविवारी. ईश्वरी नाश्त्याला आली, तर टेबलावर तिच्या बशीशेजारी एक तक्ता. पन्नासच्या वर नावं, वयं, आश्वासनं, आणि शेवटच्या रकान्यात गुण. एका नावाभोवती लाल गोल. त्या बाई परदेशी रहिवाशांनाही वॉर्डाच्या कामात विचारलं जावं असं म्हणत होत्या, आणि भानुदासरावांनी त्यांना शंभरपैकी ब्याऐंशी दिले होते. तक्त्याखाली एक कोरी वही, टोक काढलेली पेन्सिल आणि पहिल्या ओळीवर त्या बाईंचं नाव कित्त्यासारखं लिहिलेलं.

“हे काय?” ईश्वरीनं विचारलं.

“लिहून बघ दोन-चारदा. एक रेघ इकडची तिकडे झाली तर मत बाद करतील.”

“बाबा, मी इथे शाळा केलीय. मला कांजी अक्षरं येतात लिहायला.”

“तरी पण. घरात एकच मत आहे आपल्या. वाया जायला नको.”

ईश्वरीनं पेन्सिल उचलली, पुन्हा खाली ठेवली. “हे मत कुणाचं आहे, बाबा? माझं की तुमचं?”

भानुदासरावांनी पेन्सिल उचलून पुन्हा तिच्याकडे सरकवली, आणि तेच त्यांना महागात पडलं.

“पंचवीस वर्षं तुम्ही थांबलात, आय नो,” ती म्हणाली. “पण मी तुमचा हात नाहीये. तुम्हाला असंच पाहिजे असेल तर मो ई, राहू दे, मी जाणारच नाही.” एवढं बोलून ती सायकल घेऊन बाहेर पडली. चहा तसाच राहिला.

“ऐकलंस?” भानुदासराव उत्तराताईंकडे वळले. “जाणार नाही म्हणते. पंचवीस वर्षांनी घरात एक मत आलं, आणि ते कपाटात ठेवणार.”

“ठेवेल नाहीतर देईल,” उत्तराताई तक्त्याची घडी घालत म्हणाल्या. “तिचं आहे ते.”

पुढचे तीन दिवस बाप-लेक एकमेकांशी फक्त आंघोळीच्या पाण्याबद्दल बोलले. भानुदासरावांना राग आला होता, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. मुलगी बोलल्याप्रमाणे वागते हे त्यांना ठाऊक होतं. वॉर्डाची पुढची निवडणूक चार वर्षांनी. चार वर्षांनी ती या घरात असेल, या वॉर्डात असेल, कोण सांगणार?

बुधवारी संध्याकाळी ते शाळेच्या फळ्यासमोर उभे होते तेव्हा शेजारी इशिबाशी-सान येऊन उभे राहिले. शहाऐंशी वर्षांचे, दोन घरं पलीकडचे. त्यांच्या वडिलांची इथे सोनमाशांची तळी होती. आज तिथे पार्किंग आहे, आणि इशिबाशी-सानांच्या अंगणात एका सिमेंटच्या हौदात उरलेले सात-आठ मासे. गल्लीत त्यांची एक ख्याती होती. मतदानाच्या दिवशी या शाळेतल्या केंद्रावर पहिला मतदार नेहमी इशिबाशी-सान. एकदाही चुकलं नाही. पहिल्या मतदारालाच केंद्रावरचे लोक रिकामी पेटी उघडून दाखवतात, की बघा, आत काही नाही, मग कुलूप लावतात. भानुदासरावांना याचा कोण हेवा. मुंबईत तेच ही पेटी पक्षांच्या माणसांना दाखवायचे आणि टॉर्च मारून चारही कोपरे बघायला लावायचे. कुणी नुसतं वरवर पाहून हो म्हटलं, तर हे हटून बसायचे.

“केळुसकर-सान, यंदा तुमच्या मुलीचं पहिलं मत ना?” इशिबाशी-सानांनी विचारलं.

भानुदासरावांनी सगळं सांगून टाकलं. तक्ता, पेन्सिल, कित्ता, आणि ती जाणार नाही म्हणाली तेही. म्हातारा फळ्याकडे बघत ऐकत राहिला.

“तुम्हाला ठाऊक आहे,” तो म्हणाला, “मी विसाव्या वर्षी मतदार झालो, पण वॉर्डप्रमुखासाठी पहिलं मत दिलं ते अडतिसाव्या वर्षी.”

भानुदासरावांना हे ठाऊक होतं. वहीत अख्खं पान होतं त्यावर. तोक्योच्या तेवीस वॉर्डांचे प्रमुख युद्धानंतर लोक निवडत होते, मग बावन्न साली तो हक्क काढून घेतला आणि पंचाहत्तर साली परत दिला. पण वहीतली तारीख शेजारी उभी राहून बोलायला लागली, की ऐकावंच लागतं.

“कारण काय सांगायचे?” त्यांनी विचारलं.

“राजधानी वेगळी असते, म्हणायचे. राजधानी सगळ्या देशाची, तिथल्या माणसांनी आपापले प्रमुख निवडले तर कारभार एकसंध राहणार नाही. खेड्यातला माझा चुलतभाऊ आपला गावप्रमुख निवडायचा आणि मी तोक्योवाला बघत बसायचो. अजून तरी काय, पाणी आणि बंब तोक्यो सरकारच्याच हातात. वॉर्डाचं पूर्ण शहर करा म्हणून अजून वाद चालू आहे.” इशिबाशी-सान जरासे हसले. “माझ्या वडिलांनी सत्तेचाळीस साली वॉर्डप्रमुखाला मत दिलं होतं. पुढची वीस-पंचवीस वर्षं त्याच्या गोष्टी सांगत राहिले. पंचाहत्तर साल उजाडलं तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले. मला जवळ बोलावून म्हणाले, अमक्याचं नाव लिही. माझं मत म्हणून लिही.”

“मग?”

“मी दुसऱ्याचं लिहिलं. घरी आलो तर त्यांनी पहिला प्रश्न केला, लिहिलंस? मी हो म्हटलं. ते खूश झाले. त्याच उन्हाळ्यात वारले.” म्हाताऱ्यानं टोपी नीट केली. “त्यांनी विचारलंच नसतं तर फार बरं झालं असतं. ते खोटं मी अजून बाळगतोय.”

भानुदासराव घरी आले आणि त्यांनी टेबलावरची वही घेतली. कित्त्याचं पान फाडलं, तक्ता माहितीपत्रिकेच्या गठ्ठ्यात टाकला. ईश्वरीच्या खोलीचं दार बंद होतं. त्यांनी बाहेरूनच सांगितलं, “ईशू, मी कुणाचं नाव सांगणार नाही. तू कुणाला दिलंस तेही विचारणार नाही. गेलीस की नाही, तेही तूच ठरव.” त्यांना वाटलं, आणखी काहीतरी बोलावं, पण जे होतं ते बोलून झालं होतं.

रविवारी ते पाचला उठून स्वयंपाकघरात पोहे भिजवू लागले, तेव्हा उत्तराताईंनी कपाळाला हात लावला. भानुदासरावांचं म्हणणं साधं होतं. केंद्रावरची माणसं पहाटे चारला उठून आलेली असतात आणि त्यांच्या पोटात काही नसतं. लालबागच्या शाळेत ड्यूटी होती तेव्हा समोरच्या इमारतीतल्या एका अनोळखी बाईंनी पातेलंभर पोहे पाठवले होते, ती चव त्यांच्या जिभेवर तीस वर्षं आहे. ईश्वरीचं दार अजून बंदच होतं. साडेसहाला मोठा डबा घेऊन ते शाळेच्या फाटकाशी पोचले.

फाटकात रांग लागली होती. सगळ्यांत पुढे इशिबाशी-सान, टोपी घालून, मागे चार-पाच जण. केंद्रावरची एक बाई बाण काढलेली पाटी लावायला बाहेर आली. भानुदासरावांनी वाकून डबा पुढे केला. “तुम्हा सगळ्यांसाठी. मीही पूर्वी हे काम करत होतो, माझ्या देशात.”

बाईचा चेहरा पांढरा पडला. तिनं आत जाऊन एका साहेबांना आणलं, साहेबांनी एक पुस्तिका आणली. तिघांनी डब्याकडे पाहिलं. साहेबांनी कमरेत वाकून सांगितलं, की भावना पोचल्या, फार आभारी आहोत, परंतु मतदानाच्या दिवशी केंद्रावर कुणाकडूनही काहीही स्वीकारता येत नाही. आणि आपल्या माहितीसाठी, हेच जर एखाद्या उमेदवाराच्या कचेरीत नेलं असतं तर चहा आणि त्यासोबतचा खाऊ सोडून बाकीचं खाणं देणं गुन्हा आहे. देणाऱ्यालाही लागू.

“परदेशी असला तरी?” भानुदासरावांनी विचारलं. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

“परदेशी असला तरी.”

हे वहीत जायलाच हवं होतं. मत देता येत नाही, पण मतदानाचा गुन्हा मात्र करता येतो. रांगेतून इशिबाशी-सान मिश्किलपणे म्हणाले, “मी खाईन, पण मत दिल्यावर. आधी खाल्लं तर लोक म्हणतील म्हातारा विकला गेला.” मागची माणसं हसली. भानुदासरावही हसले, पण नजर रस्त्यावर होती. पावणेसात झाले, सहा पन्नास झाले. घराकडच्या वळणावर कुणी नव्हतं. त्यांनी डब्याचं झाकण घट्ट केलं, पुन्हा सैल केलं. येणार नाही, असं त्यांनी मनात म्हणून पाहिलं, आणि ते किती लागतंय हे पाहून त्यांनाच नवल वाटलं.

सहा बावन्नला ईश्वरी सायकलवरून आली. केस ओले, हातात वॉर्डाकडून आलेलं मतदाराचं कार्ड. बाबांकडे न बघता तिनं सायकल लावली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

इशिबाशी-सान रांगेतून बाहेर आले. हळूहळू चालत मागे गेले आणि ईश्वरीसमोर थांबले. “तू पुढे जा,” ते म्हणाले. “मी तुझ्या जागी उभा राहतो.”

“नाही, नाही. इशिबाशी-सान, तुम्ही दर वेळी पहिले असता. सगळ्यांना माहीत आहे.”

“अठ्ठेचाळीस वर्षं पेटी बघतोय. आत काय असतं ते मला पाठ आहे. तू बघ.” मग त्यांनी रांगेतल्या बाकीच्यांकडे पाहून विचारलं, “चालेल ना?” रांगेनं माना हलवल्या. पोह्यांसाठी ज्यांना पुस्तिका लागली त्या साहेबांनी या वेळी पुस्तिका उघडली नाही.

सातला दार उघडलं आणि ईश्वरी आत गेली. भानुदासरावांना फाटकाच्या आत पाऊल टाकता येत नव्हतं. शाळेच्या व्यायामशाळेत केंद्र होतं, तिच्या उघड्या दारातून त्यांना तिची फक्त पाठ दिसली, वाकलेली, बराच वेळ वाकलेली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही, कारण दोन्ही हातांत डबा होता. मग माणसं मध्ये आली आणि काही दिसेनासं झालं.

ती बाहेर आली तेव्हा सात वाजून सहा मिनिटं झाली होती. येऊन शेजारी उभी राहिली.

“विचारा,” ती म्हणाली. “सांगते. खरंच सांगते.”

विचारायचं किती होतं. कुणाचं नाव, पेन्सिल कशी चालली, घडी उलगडली का, लाल गोलातल्या त्या बाई की दुसरंच कुणी. जन्मभर ज्या माणसाला प्रत्येक गोष्ट विचारल्याशिवाय चैन पडली नाही, त्यानं मान हलवली.

“मत नाही विचारणार,” भानुदासराव म्हणाले. “पेटी रिकामी होती?”

“होती.”

“नुसती वरवर पाहून हो नाही ना म्हणालीस? कोपरे बघितलेस?”

“दोन पेट्या होत्या, बाबा,” ईश्वरी म्हणाली आणि तिनं त्यांच्या हातातला डबा घेतला. “आठही कोपरे बघितले. ते म्हणाले, पुरे आता. मी म्हटलं, थांबा, बाबांना सांगायचंय.”